डोळ्यामागची गाठ

तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीची गोष्ट. बऱ्हाणपुरातील आमच्या घराच्या गच्चीवर दुधाचे पातेले चांदण्यात ठेवून मंडळी बसली होती. मुलांनी जुन्या दिनदर्शिकेची पाने गुंडाळून दुर्बिणी केल्या होत्या आणि त्यांतून चंद्र पाहण्याचा खेळ चालला होता. आमच्या पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीने नळी आधी डाव्या डोळ्याला लावली आणि ती हसली. मग तीच नळी तिने उजव्या डोळ्याला लावली आणि म्हणाली, "आजोबा, चंद्र गेला." ढग आला असेल म्हणून आम्ही वर पाहिले. आकाश निरभ्र होते.

त्या रात्री आम्ही तिचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोर बोटे धरली. हातभर अंतरावरची बोटे तिला मोजता आली नाहीत. घरातले सगळे गप्प झाले. पोरीला मात्र यात काहीच विशेष वाटले नाही. उजव्या डोळ्याला असेच दिसावयाचे असते, अशी तिची समजूत होती.

वास्तविक त्या आधीच्या दोन वर्षांत तिचा चष्मा दोनदा बदलला होता. उजव्या डोळ्याने तक्त्याच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत, हे तेव्हाही दिसले होते. मूल कंटाळले आहे, लक्ष देत नाही, असे आम्हांस सांगण्यात आले आणि आम्ही ते मान्य केले. घरातील वडीलधाऱ्यांनी तर त्याही पुढे जाऊन मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली होती. दोष कोणा एकाचा नाही. निसर्गाने माणसाला दोन डोळे दिले आहेत आणि एक डोळा मंदावला तर दुसरा त्याचे काम इतक्या मुकाट्याने अंगावर घेतो की घरच्यांना पत्ता लागत नाही. मोठ्या माणसाला निदान गाडी चालविताना किंवा सुईत दोरा ओवताना शंका येते. लहान मुलाला तुलनेसाठी पूर्वीची दृष्टी आठवत नाही आणि ते तक्रारही करीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात निदान झाले. उजव्या डोळ्याच्या दृष्टिमज्जातंतूवर, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑप्टिक नर्व्ह म्हणतात त्यावर, गाठ होती. हा आजार दुर्मीळ आहे आणि बहुतेक वाचकांच्या घरी तो कधी येणार नाही. तरीही हे निदान कसे होते आणि कोठे चुकते, हे या निमित्ताने आम्हांस पुष्कळ समजले. ते मराठी कुटुंबांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

हा मज्जातंतू कसा आहे हे बऱ्हाणपूरकरांस सांगावयाचे तर कुंडी भंडाऱ्याइतके सोयीचे उदाहरण नाही. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, सातपुड्याकडचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले गेले. बोगद्यावर ठिकठिकाणी उभ्या कुंड्या आहेत आणि आत काय चालले आहे ते त्यांतूनच डोकावून पाहता येते. बोगद्यात क्षार साठले तर वरून चालणाऱ्या माणसास काहीही कळत नाही. शहरात पाणी कमी येऊ लागते, एवढेच. दृष्टिमज्जातंतूचे अगदी तसेच आहे. डोळ्यापासून निघून तो खोबणीतून मागे जातो. तेथे तो जरा सैल आणि नागमोडी असतो, म्हणून डोळा फिरविला तरी तो ताणला जात नाही. पुढे हाडातील एका अरुंद नळीतून तो कवटीत शिरतो आणि मेंदूच्या तळाशी दुसऱ्या बाजूच्या जोडीदारास मिळतो. सगळी लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, पण तेवढ्यात दहा-बारा लाख तंतू असतात. मेंदूवर असतात तीच आवरणे त्याच्याभोवती असतात. तो खरोखर मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे आणि त्याचे मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. निदानाची घाई आहे ती याचसाठी.

या मार्गावर मुख्यतः दोन तऱ्हेच्या गाठी होतात. तंतूंना आधार देणाऱ्या पेशींतून जी वाढते ती ग्लायोमा. ती बहुधा दहा वर्षांच्या आतील मुलांत आढळते. आवरणातून जी वाढते ती मेनिंजिओमा, आणि ती बहुधा मध्यम वयाच्या स्त्रियांत आढळते. दोन्ही सामान्यतः सौम्य प्रकारच्या असतात आणि सावकाश वाढतात. प्रौढांत क्वचित एक उग्र प्रकारही दिसतो, परंतु तो फारच विरळा. दोन्ही गाठी सहसा दुखत नाहीत, आणि फसगत होते ती तेथेच. आपल्याकडे डोळा दुखला, लाल झाला, त्यातून पाणी आले, की माणूस त्याच दिवशी डॉक्टरांकडे धावतो. न दुखणाऱ्या डोळ्यासाठी मात्र 'परीक्षा झाल्यावर पाहू' असे म्हटले जाते.

निदानाची सुरुवात कोणत्या अवजड यंत्राने होत असेल, अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात ती खिशातल्या टॉर्चने झाली. बऱ्हाणपुरातल्याच एका नेत्रतज्ज्ञांनी खोलीत अंधार केला, मुलीला दूर पाहण्यास सांगितले आणि टॉर्चचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर असा झोके देत नेला. निरोगी डोळ्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या एकदम लहान होतात, कारण दोघींना मेंदूकडून हुकूम एकच सुटतो. झोत उजव्या, म्हणजे आजारी डोळ्यावर गेला तेव्हा बाहुल्या लहान होण्याऐवजी मोठ्या होऊ लागल्या. त्या डोळ्याकडून मेंदूस प्रकाशाची वर्दीच पुरेशी जात नव्हती. १९५९ मध्ये लेव्हाटिन या अमेरिकी डॉक्टरने या झोके देण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला. बाहुलीचे हे लक्षण मात्र त्याच्याही आधी मार्कस गन यांच्या नावाने ओळखले जात होते. या तपासणीस अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही आणि खर्च काहीच नाही. चष्म्याच्या नंबराने हे लक्षण येत नाही, मोतीबिंदूनेही येत नाही. म्हणून ज्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही सुधारत नाही, त्या डोळ्याची ही परीक्षा झाली आहे काय, हे डॉक्टरांस नम्रपणे विचारण्यास काहीच हरकत नाही.

नंतर त्यांनी औषधाच्या बाटलीचे लाल झाकण पुढे धरले. डाव्या डोळ्याने ते मुलीला कुंकवासारखे दिसले, उजव्याने विटेसारखे. मज्जातंतूच्या दुखण्यात अक्षरे पुरती पुसट होण्याआधीच रंग विटू लागतात, आणि त्यातही लाल रंग ठळकपणे विटतो. मग मुलीला खुर्चीवर बसवून डॉक्टर तिच्या मागे उभे राहिले आणि कपाळावरून खाली पाहून त्यांनी दोन्ही डोळ्यांची पातळी ताडली. उजवा डोळा किंचित पुढे आलेला होता. मज्जातंतूचीच गाठ असेल तर ती डोळ्याला बहुधा सरळ पुढे ढकलते, आणि इतर ठिकाणच्या गाठी त्याला खाली किंवा बाजूला सारतात. डॉक्टरांजवळ हे मोजण्याची पट्टी असते आणि दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरहून अधिक फरक आला तर तो दखल घेण्याजोगा समजतात. घरी येऊन आम्ही जुन्या छायाचित्रांची पेटी उघडली. पाचव्या वाढदिवसाच्या छायाचित्रात तो फरक स्पष्ट दिसत होता. दोन वर्षे ते छायाचित्र चौकट करून भिंतीवर टांगलेले होते!

वर कुंड्यांचा उल्लेख केला. दृष्टिमज्जातंतूच्या वाटेवर अशी कुंडी एकच आहे. डोळ्याच्या आत, ज्या जागी तंतू गोळा होऊन बाहेर पडतात, तेथे एक लहान वाटोळे बिंब असते. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवले आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातील हे बिंब प्रथमच नीट पाहता येऊ लागले. निरोगी बिंब गुलाबीसर नारिंगी असते. मागून दाब असेल तर ते सुजून कडा पुसट होतात. तंतू मरू लागले की ते खडूसारखे फिके पडते. मेनिंजिओमा जुना असेल तर बिंबाच्या कडेशी वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या उघडलेल्या दिसतात, कारण नेहमीची वाट कोंडल्यामुळे रक्ताने आडवाट धरलेली असते. आमच्या मुलीचे उजवे बिंब फिके होते. डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवले आणि एक अनपेक्षित प्रश्न विचारला, "हिच्या अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग आहेत काय?"

होते. पोटावर, पाठीवर, मांडीवर मिळून आठ. जन्मखुणा म्हणून आजीने ते कौतुकाने मोजलेलेही होते. लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी लागते. १८८२ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, आणि १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक सापडले. हा विकार असलेल्या मुलांपैकी साधारण १५ ते २० टक्के मुलांत दृष्टिमार्गावर ग्लायोमा आढळतो, आणि तो बहुधा सहा-सात वर्षांच्या आत उद्भवतो. म्हणून अशा मुलांचे डोळे तक्रार नसली तरी दर वर्षी तपासून घ्यावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'आनुवंशिक' हा शब्द कानी पडताच आमच्याकडे 'हे कोणाच्या घराण्यातून आले' याची कुजबूज सुरू झाली आणि बोट अर्थातच सुनेच्या माहेराकडे वळले. पुतण्याला आणि सुनेला, दोघांनाही तपासले. दोघांच्याही अंगावर काही नव्हते. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत हा दोष आईबापांकडून आलेलाच नसतो, त्या मुलातच नव्याने उद्भवलेला असतो. डॉक्टरांनी हे सर्व वडीलधाऱ्यांसमोर मुद्दाम मोठ्याने सांगितले. त्याबद्दल आम्ही त्यांचे कायमचे ऋणी आहोत.

आता छायाचित्रणाविषयी. एके काळी डॉक्टरांजवळ क्ष-किरणांचाच आधार होता. डोके विशिष्ट कोनात ठेवून हाडातील ती अरुंद नळी चित्रात पकडावयाची आणि दोन्ही बाजूंच्या छिद्रांची तुलना करावयाची. एक छिद्र मोठे दिसले तर आत काहीतरी वाढत आहे असे समजावयाचे. म्हणजे गाठ दिसतच नसे, तिने हाडावर केलेली खूण दिसे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले गेले आणि मऊ ऊतीही पडद्यावर येऊ लागल्या. हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चुंबकीय पद्धतीचे एमआरआय आले. दृष्टिमज्जातंतूसाठी आज तेच मुख्य साधन आहे. मेनिंजिओमात चुन्याचे कण साठलेले असतील तर ते मात्र सीटीवर अधिक चांगले दिसतात.

चित्रात या दोन गाठी कशा ओळखतात ते आम्हांस तज्ज्ञांनी पडद्यावर दाखविले. ग्लायोमात मज्जातंतू स्वतःच सुताच्या चातीसारखा मध्ये फुगतो आणि कधी कधी मुडपलेला दिसतो. गाठ कोठे संपते आणि तंतू कोठे सुरू होतो, ते वेगळे काढता येत नाही. मेनिंजिओमात तंतू मध्ये बारीक रेघेसारखा राहतो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी आवरण उजळून निघते. स्टेशनच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले की रुळांची जोडी जशी समांतर पळताना दिसते, तसे ते चित्र असते. डॉक्टरही त्याला ट्रामच्या रुळांचेच नाव देतात.

परंतु एमआरआय झाला म्हणजे निदान झाले, असे नाही. हा मुद्दा वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. चिठ्ठीवर केवळ 'मेंदूचा एमआरआय' असे लिहिलेले असेल तर चित्रांचे छेद जाड असतात आणि त्यात तीन-चार मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू निसटू शकतो. शिवाय खोबणीत मज्जातंतूभोवती चरबी असते. ती चित्रात स्वतःच पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्या उजेडात गाठीचा उजेड हरवतो. म्हणून चिठ्ठीवर डोळ्यांच्या खोबणींचा उल्लेख हवा, छेद पातळ हवेत, चरबीचा उजेड दाबण्याची पद्धत वापरावयास हवी आणि शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य देऊन चित्रे काढावयास हवीत. ते द्रव्य देण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या कार्याची माहिती घेतात. लहान मूल यंत्रात निश्चल पडून राहत नाही, म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि ज्या केंद्रावर भूलतज्ज्ञ असेल तेथेच जावे लागते. आमची पहिली खेप यासाठीच वाया गेली. गुंगीची सोय आहे काय, हे विचारण्याचे आमच्या ध्यानातच आले नव्हते. इंदूरहून हात हलवीत परत आलो आणि आठवड्याने पुन्हा गेलो.

प्रौढांच्या बाबतीत घोटाळा निराळाच होतो. तरुण माणसाचा एक डोळा दोन-चार दिवसांत अंधुक झाला आणि डोळा फिरविताना दुखू लागला तर तो बहुधा मज्जातंतूचा दाह असतो. तो काही आठवड्यांत पुष्कळसा सुधारतो. मेनिंजिओमाची बाई मात्र सांगते की दिसणे कधी कमी झाले ते कळलेच नाही. तिलाही कधी कधी दाह म्हणून औषध दिले जाते. सूज कमी झाल्याने तात्पुरते बरेही वाटते आणि मग सहा महिने जातात. म्हणून दाह म्हटलेले दुखणे अपेक्षेप्रमाणे सुधारले नाही, किंवा औषध थांबताच पुन्हा बळावले, तर चित्र काढावेच. काचबिंदूतही मज्जातंतूच झिजतो, पण तेथे बिंब खोल होते आणि फिकेपणा उशिरा येतो. दृष्टी एकाच डोळ्याची घटत असेल आणि बिंब खोल होण्याआधी फिके पडले असेल तर काचबिंदूवर थांबू नये. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल या गोळीनेही दृष्टी मंदावते आणि रंग विटतात. तथापि ते दोन्ही डोळ्यांत होते. तेव्हा चालू असलेल्या सर्व औषधांची यादी नेत्रतज्ज्ञांस द्यावी, मग ते दुखणे डोळ्याचे नसले तरी.

गाठ म्हटली की तुकडा काढून तपासणार, असे आपण गृहीत धरतो. येथे तसे नाही. चित्र वैशिष्ट्यपूर्ण असेल तर बहुधा तुकडा घेतच नाहीत, कारण तेवढ्यानेही उरलीसुरली दृष्टी जाऊ शकते. मेनिंजिओमा आणि मज्जातंतू यांना रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या सामाईक असतात. गाठ सोलून काढावयास गेले की तंतू उपाशी मरतो. म्हणून दृष्टी टिकून असेल तोवर नुसते लक्ष ठेवतात आणि ती घटू लागली की थोड्या थोड्या मात्रांनी किरणोपचार देतात. मुलांच्या ग्लायोमातही दृष्टी स्थिर असेल तर थांबून पाहतात. पुष्कळ गाठी जागच्या जागी राहतात, क्वचित आपोआप आकसतातही. वाढ दिसली तर कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन यांसारखी औषधे देतात. लहान मुलांत, विशेषतः वरील आनुवंशिक विकार असलेल्यांत, किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण त्यातून पुढे नव्या गाठींचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका असतो. "काढून टाका एकदाची" असे आमच्या घरातील प्रत्येकाने एकदा तरी म्हटले. आम्हीही म्हटले. न काढणे हाही उपचार असू शकतो, हे पचनी पडण्यास आम्हांस काही महिने लागले.

एक गोष्ट येथेच वेगळी सांगून टाकतो. तान्ह्या किंवा पाच वर्षांच्या आतील मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, मग ती छायाचित्रात का असेना, तर ते प्रकरण अगदी निराळे असते. रेटिनोब्लास्टोमा ही दृष्टिपटलावरील घातक गाठ असू शकते आणि ती याच मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकते. तेथे थांबून पाहण्याचा प्रश्नच नाही. त्याच आठवड्यात मोठे रुग्णालय गाठावयाचे.

बऱ्हाणपूरसारख्या गावातील कुटुंबास हा सर्व प्रवास झेपतो कसा? पहिला टप्पा, म्हणजे डोळा झाकून पाहणे, टॉर्च आणि बिंबाची तपासणी, गावात पार पडतो, आणि निम्मे निदान तेथेच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पुढच्या टप्प्यासाठी आपल्याकडची मंडळी कोणी इंदुरास, कोणी भोपाळच्या एम्समध्ये, तर कोणी भुसावळमार्गे मुंबईस जातात. किरणोपचार किंवा औषधे लागली तर मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि दिल्लीच्या एम्समध्ये १९६७ मध्ये स्थापन झालेले डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्र आहे. पात्र कुटुंबांस २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच कार्डाची चौकशी करावी. आणि एमआरआयचा केवळ अहवाल न आणता चित्रांची तबकडीही मागून घ्यावी. पुढचा तज्ज्ञ अहवालापेक्षा चित्रे पाहतो, आणि मागच्या चित्रांवाचून गाठ वाढली की नाही हे कोणीही सांगू शकत नाही.

आमची मुलगी आता दहा वर्षांची आहे. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी एमआरआय झाला, आता अंतर वाढविले आहे. गाठ तेवढीच आहे. औषध अजून लागलेले नाही. उजव्या डोळ्याची गेलेली दृष्टी परत आली नाही आणि येणारही नाही, हे तिला सांगितले आहे. डावा डोळा उत्तम आहे आणि तो जपण्यासाठी ती न फुटणाऱ्या काचांचा चष्मा खेळतानाही लावते. महिन्याच्या पहिल्या तारखेला भिंतीवरची दिनदर्शिका उलटली की ती जमिनीवरच्या खडूच्या रेघेवर जाऊन उभी राहते. आधी डावा डोळा झाकून मोठे आकडे वाचते, मग उजवा झाकून बारीक अक्षरांतील तिथ्या आणि सण. किती वाचता आले ते ती स्वतःच जुन्या पानाच्या पाठीवर लिहिते आणि ते पान फाइलमध्ये लावते.